गिल्बर्ट हिलच्या पायथ्याहून, अंधेरी, मुंबई

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू हसलीस, म्हणून लिहायला बसले. इंडोनेशियातल्या योग्यकार्ताहून मेरापी ज्वालामुखी जेमतेम तीसेक किलोमीटर आहे हे ऐकून मी गप्प झाले, तर म्हणालीस, "आई, तू कधी ज्वालामुखी बघितलायस तरी का?" जिवंत नाही बघितला, पण मेलेल्याकडे बघत रोज भाजी निवडते. स्वयंपाकघराच्या खिडकीतले गिल्बर्ट हिलचे ते काळे उभे खांब आठवतात ना? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, निवताना आकसत उभा चिरत गेलेला. सह्याद्री त्याच कुळातला. आजोबांचं काळं रानही त्याच दगडाचं, झिजून माती झालेलं. म्हणून मेरापीच्या उतारावर माणसं पुन्हा पुन्हा का राहायला जातात, हे मला कुणी समजावायला नको. राखेनं जमीन कसदार होते. असं रान सोडून जायचं कुठे?

तुला मी अडवत नाहीये. सहा महिने शिकायला चाललीस, जा. पण एक ऐकून घे.

२०१० साली २५ ऑक्टोबरला तिथल्या शास्त्रज्ञांनी इशारा सर्वांत वरच्या पातळीवर नेला, उतारावरची गावं रिकामी करायला सांगितली. दुसऱ्याच संध्याकाळी डोंगर फुटला. म्बाह मारिजान म्हणून एक म्हातारबुवा होते, सुलतानानं नेमलेले डोंगराचे राखणदार. ते जागचे हलले नाहीत. २००६ च्या उद्रेकातही हलले नव्हते आणि तेव्हा निभावलं होतं. या खेपेला त्यांचा देह घरातच सापडला. ५ नोव्हेंबरला त्याहून मोठा स्फोट झाला, धोक्याची हद्द २० किलोमीटरपर्यंत वाढवावी लागली. साडेतीनशेच्या वर माणसं गेली. लाखोंनी मात्र वेळेत घर सोडलं होतं.

तिथे जीव जातो तो बहुतेक लाव्ह्यानं नाही. तापलेला वायू, राख आणि दगड यांचा लोट उतारावरून मोटारीच्या वेगानं येतो, त्याच्यापुढे धावून उपयोग नाही.

"मागच्या वेळी निभावलं होतं" हे वाक्य माझ्या चांगलंच ओळखीचं आहे. २६ जुलै २००५. दुपारी दोननंतर आभाळ फाटलं होतं, मी कलिन्याच्या ऑफिसात. साहेब म्हणाले, "दरवर्षीच भरतं पाणी, ओसरेल तासाभरात." मीही मान डोलावली, हजेरीचा प्रश्न होता. सहाला निघाले तेव्हा रस्त्यात पाणी छातीला लागत होतं. एका अनोळखी माणसाच्या पिशवीचा बंद धरून चालले, पायाखाली गटाराचं झाकण आहे की नाही ते चाचपत. घरी पोचायला पहाटेचे चार झाले. तू शेजारच्या काकूंच्या मांडीवर झोपलेलीस, तीन वर्षांची, मुठीत पारले-जी. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता, हे दुसऱ्या दिवशी कळलं. त्या साहेबांचा राग अजून येतो. स्वतःचा जरा जास्तच.

म्हणून तिथे कुणी निघा म्हणालं, की निघायचं. लॅपटॉप, पेपर, मैत्रिणीची वाट, काही बघायचं नाही. चुकीचा इशारा निघाला तर परत ये आणि मला हस.

आणि राख म्हणजे चुलीतली राख समजू नकोस. ती दगडाची आणि काचेची बारीक पूड असते, पाण्यात विरघळत नाही. डोळे चोळायचे नाहीत. फिलिपाइन्समध्ये १९९१ साली पिनातुबो फुटला तेव्हाच नेमकं वादळ आलं, राख भिजून जड झाली आणि छपरं माणसांवर कोसळली. मेरापीवरही उद्रेकानंतर पावसाळाभर साचलेली राख चिखल होऊन नद्यांतून खाली येत होती, दगडगोटे घेऊन. पूल गेले, घरं गेली.

मास्कचं पाकीट बॅगेत मेतकुटाच्या डब्याखाली ठेवलंय, काढून टाकू नकोस. आणि खोली पक्की करण्याआधी घरमालकिणीला विचार, नदी किती लांब आहे. मला लगेच कळव.

तुझी,
आई