हॅम रेडिओसाठी बाल्कनीही पुरते

महोदय,

डोंबिवलीत चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून हॅम रेडिओ, म्हणजे सरकारी परवान्यावर दूरच्या लोकांशी बोलायचे हौशी वायरलेस स्टेशन, चालवणारी मी एक निवृत्त विज्ञान शिक्षिका आहे. परीक्षा देऊन परवाना मिळवलेली, पण एकदाही माइक हातात न घेतलेली तरुण मुले भेटतात. कारण विचारले की उत्तर ठरलेले: "सोसायटी अँटेना लावू देत नाही." आमच्या कमिटीनेही गच्चीवर तार बांधायला नकारच दिला होता. गच्चीवर डिशची रांग उभी असताना एका बारीक तारेला मनाई करणे मला आजही अन्यायाचे वाटते. पण म्हणून परवाना कपाटात ठेवायचे कारण नाही.

अडचण लांबीची असते. १४ मेगाहर्ट्झच्या डायपोलला, म्हणजे साध्या सरळ तारेच्या अँटेनाला, सुमारे १० मीटर तार लागते, ७ मेगाहर्ट्झला त्याच्या दुप्पट. बाल्कनीत एवढी जागा कुठून आणणार? तिथे मॅग्नेटिक लूप, म्हणजे एका कड्याचा छोटा अँटेना, उपयोगी पडतो. एसी दुरुस्तीवाल्याकडून अर्धा इंची तांब्याची नळी सव्वातीन मीटर घ्यावी आणि वाकवून मीटरभर व्यासाचे कडे करावे. नळीच्या दोन टोकांमध्ये जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओतला गँग कंडेन्सर बसतो, म्हणजे दांडा फिरवून स्टेशन लावायचा पात्यांचा जोड-कंडेन्सर. मला तो लॅमिंग्टन रोडला मिळाला, धूळ झटकल्यावर अगदी ठणठणीत निघाला. नळीची टोके गँगच्या दोन स्थिर भागांना जोडायची, फिरता दांडा मोकळा सोडायचा. या लूपचा रेडिएशन रोध (शक्ती लहरी होऊन बाहेर पडते त्याचे माप) १४ मेगाहर्ट्झला जेमतेम एक दशांश ओहम असतो. दांड्याच्या सरकत्या संपर्कातून करंट गेला, तर तिथल्या किरकोळ रोधातच बरीचशी शक्ती उष्णता होऊन वाया जाते. म्हणून प्रत्येक सांधा नीट, भरपूर डाख देऊन जोडावा. रेडिओकडून येणारी केबल मोठ्या कड्याला जोडायचीच नाही. गँगच्या समोरच्या बाजूला, कड्याच्या आत, वीतभर व्यासाचे एक छोटे कडे टांगायचे आणि केबल त्याला जोडायची. सगळे पीव्हीसी पाइपच्या स्टँडवर उभे राहते आणि काम झाले की पलंगामागे सरकवता येते.

आता गँग हळूहळू फिरवा. एका जागी स्पीकरमधली खरखर एकदम उसळते, तिथे लूप ट्यून झाला. मग एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून परत फिरणारी शक्ती दाखवणारा) बघून बारीक फेरफार करायचा. गँगच्या दांड्याला प्लॅस्टिकची लांब काडी लावावी, नाहीतर हात जवळ आला की ट्यूनिंग सरकते. ७ मेगाहर्ट्झवर फ्रिक्वेन्सी थोडी बदलली तरी गँग पुन्हा फिरवावा लागतो. त्याची सवय होते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना मोठा फायदा वेगळाच आहे: उभा लूप स्वतःभोवती फिरवला की एका दिशेचा आवाज दबतो. आमच्या लिफ्टच्या मोटरची घरघर मी अशीच घालवते, आणि तिच्याखाली दडलेला श्रीलंकेतला स्टेशनवाला स्पष्ट ऐकू येतो.

एक सूचना मात्र कटाक्षाने पाळावी. पाच वॅटवरही गँगच्या पात्यांमध्ये शेकडो व्होल्ट उभे राहतात. प्रसारण चालू असताना लूपला हात लावू नये, मुलांना जवळ येऊ देऊ नये. रेडिओतल्या साध्या गँगवर पाच-दहा वॅटच्या पुढे जाऊ नये, ठिणगी उडते. लोखंडी ग्रिलपासूनही लूप जमेल तितका लांब ठेवावा.

हा सगळा खटाटोप छंदापुरता नाही. डिसेंबर २००४ मध्ये हॅम ऑपरेटर भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम रेडिओ घेऊन पोर्ट ब्लेअरला होते. २६ तारखेच्या त्सुनामीनंतर अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा याच मंडळींनी लोकांचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोहोचवले. २००१ च्या भूजच्या भूकंपातही हॅम मंडळी मदतीला धावली होती. अशा वेळी हाताशी चालू स्टेशन हवे आणि ते चालवण्याचा रोजचा सराव हवा. बंद पडलेल्या परवान्यांचा उपयोग नाही.

सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की अर्ज आला तर त्या मुलाला किंवा मुलीला अँटेना दाखवायला सांगा, दूरसंचार विभागाचा परवाना बघा, शंका विचारा आणि मग ठरवा. शाळांनीही आपल्या प्रयोगशाळेत असा एक लूप करून बघावा. परीक्षेला बसायला वयाची बारा वर्षे पूर्ण असली की पुरते, म्हणजे सातवी-आठवीतल्या मुलांनाही ती देता येते.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, डोंबिवली (पूर्व)