चपला दाराशी ठेवून

औंध, जि. सातारा

चि. सायलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज रडवेला होता, म्हणून तेव्हा काही बोलले नाही. तुझ्या संग्रहालयातल्या व्याख्यानाला बावीस माणसं आली, त्यातली नऊ तुमच्याच ऑफिसातली, आणि वर साहेबांनी वर्षाचा 'फूटफॉल', म्हणजे किती माणसं आली तो आकडा, मागितला, एवढं कळलं. तुझे बाबा म्हणाले, तिला म्हणावं, आमच्या बँकेच्या वार्षिक सभेला कोरम कधीच नसायचा. त्यांचं सोड. मी सावकाश लिहिते, तूही जेवण झाल्यावर वाच.

तुझा कार्यक्रम बघायला मी जानेवारीत आले होते, आठवतं ना? तू आत माइकच्या गडबडीत होतीस. माझा गुडघा दुखत होता म्हणून मी दाराजवळच्या बाकावर पाऊण तास बसून राहिले. तेव्हा पाहिलेली एक गोष्ट तुला सांगितली नव्हती.

एक माणूस बायको आणि दोन मुलं घेऊन आला. हातात कापडी पिशवी, तिच्यात डबा. दारात येऊन उंच छताकडे त्याने एकदा वर बघितलं आणि पायातल्या चपला काढल्या. त्याचं बघून बायकोने काढल्या, मुलांनी काढल्या. चारही जोड त्याने भिंतीला नीट लावून ठेवले. सिक्युरिटीवाला हसला. "अहो काका, घाला चपला, देऊळ आहे का हे?" मागे उभी असलेली दोन कॉलेजची मुलंही हसली. त्या माणसाने चपला घातल्या, तिकिटाच्या खिडकीवरचा फलक थोडा वेळ वाचल्यासारखं केलं आणि सगळ्यांना घेऊन उतरून गेला. तिकीट काही फार नव्हतं गं. पैशासाठी नाही गेला तो.

सायू, हा माणूस तुझ्या कुठल्याच आकड्यात नाही. आला म्हणून नाही आणि गेला म्हणूनही नाही. तू आत ज्या कार्यक्रमाची तयारी करत होतीस, त्याच्याआधी त्याचा कार्यक्रम दारातच होऊन गेला होता. सिक्युरिटीवाल्याला बोल लावू नकोस, त्याला कोणी काही सांगितलेलंच नसणार. त्याला तुझ्या मीटिंगला बसव, चहा दे, आणि असा माणूस आला तर काय म्हणायचं ते दोघं मिळून ठरवा. "राहू द्या चपला, पण आत फरशी गार आहे" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

आम्ही तरी वेगळे कुठे होतो? २००८ च्या मे महिन्यात, तुझी आठवीची परीक्षा झाल्यावर, आत्याकडे लालबागला गेलो होतो. राणीच्या बागेत पाणघोडा बघायचा म्हणून निघालो आणि उन्हाने जीव नकोसा झाला, म्हणून शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात शिरलो. दुरुस्ती होऊन ते त्याच वर्षी पुन्हा उघडलं होतं. १८७२ सालची इमारत आहे, हे मला बाहेर पडताना कळलं. आम्हाला हवी होती सावली. तू मात्र त्या मातीच्या चिमुकल्या माणसांपुढून हलेनास. बाहेर दगडी हत्ती आहे ना, घारापुरीचा, तो विलायतेला न्यायला उचलताना क्रेन मोडून पडला आणि त्याचे तुकडे झाले, हे कुणाकडून तरी ऐकून तू आत्याला महिनाभर सांगत होतीस. तेव्हा सावलीसाठी, पाण्यासाठी, बाथरूमसाठी आत येणाऱ्यांना कमी लेखू नकोस. तू स्वतः त्यातलीच आहेस.

मागे तू सांगितलं होतंस, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये २००१ साली कुणी मोजलं, तर माणसं एका चित्रापुढे सरासरी सत्तावीस सेकंद थांबत होती. तुला ते फार कमी वाटलं. मला नाही वाटलं. पहिलीच्या पोराने सत्तावीस सेकंद एका जागी बघत राहावं यासाठी मी एकतीस वर्षं खपले. आणि न्यूयॉर्कचीच ती दुसरी पद्धत, चित्रात काय चाललंय, कशावरून म्हणतोस, आणखी काय दिसतं, असे तीनच प्रश्न विचारायचे आणि आपण गप्प राहायचं, ती तू इतक्या कौतुकाने सांगितलीस की मी फोनवर हसले नाही. अगं, पहिलीच्या पुस्तकात आमचं चित्रवाचन दुसरं काय होतं? बाजाराचं चित्र असायचं, पोरं बोलायची. फरक इतकाच की आमच्यातल्या बहुतेक बायांना 'गप्प राहायचं' हे जमत नसे. मलाही नाही जमलं.

१९९४ च्या जानेवारीत चौथीची सहल घेऊन इथल्याच भवानी संग्रहालयात गेले होते. तू पोटात, सातवा महिना. हेडमास्तर नको म्हणत होते तरी पायऱ्या चढले. डोंगरावरच्या यमाईला निघालेली माणसं वाटेत संग्रहालय लागतं म्हणून आत डोकावतात, ते तेव्हाही होतं, आजही आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली ते उभं केलं तेही डोंगराच्या वाटेवर. राजा असून स्वतः चित्रं काढायचे, कीर्तन करायचे. लोक कुठे आपसूक येतात हे कीर्तनकाराला चांगलं ठाऊक असतं.

तर तिथे हेन्री मूरचं आई आणि मुलाचं शिल्प आहे. मी आदल्या रात्री पाठ करून गेले होते, जगप्रसिद्ध शिल्पकार, इंग्लंड, वगैरे. सांगायला लागले. पोरं जांभया द्यायला लागली. एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, ही आई आहे का डोंगर?" मी म्हटलं, मधे बोलायचं नाही. मग मागून एक मुलगा पुढे आला. त्याचे वडील पाथरवट. पाटे-वरवंटे करायचे, गावोगाव फिरून जात्याला टाकी, म्हणजे दगड घडवायची छिन्नी, लावून द्यायचे. त्याने शिल्पासमोर हवेतच हात फिरवला, जणू दगडावर ठेवलाय, आणि म्हणाला, "बाई, टाकीचे घाव कुठं गेले?"

सगळ्या सहलीत विचारलेला हा एकच खरा प्रश्न. आणि मी काय केलं? "हात मागे घे, गप्प रांगेत उभा राहा." मला उत्तर येत नव्हतं, हे एक. आणि दुसरं, माझ्या यादीत तो प्रश्न नव्हता.

हे मी तुला इतक्या वर्षांत सांगितलं नाही. तो मुलगा आता पुण्यात फरशीची कामं घेतो. गेल्या वर्षी यात्रेत भेटला. धीर करून विचारलं, सहल आठवते का रे? म्हणाला, "पायऱ्या आठवतात बाई, आन् भेळ." म्हणजे ओझं मी एकटीच वागवत होते. बरं वाटलं की वाईट, अजून ठरलेलं नाही.

एक सुचवते. तुमच्या मूर्तींच्या दालनाबाहेर एक साधं टेबल मांड. त्यावर न घडवलेला दगड, अर्धा घासलेला दगड, पुरता गुळगुळीत केलेला दगड, आणि एक टाकी. हात लावा असं मोठ्या अक्षरात लिही, मराठीत, वरच्या ओळीत. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 'अनुभव' नावाचं दालन आहे, ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांना हाताने पाहता यावं म्हणून तिथे प्रतिकृती ठेवल्यात. पण डोळे असलेल्यांचेही हात शिवशिवतातच की. आणि टेबलापाशी पदवीधर नको, पाथरवट बसव. मानधन व्याख्यात्याइतकंच दे, हे मात्र भांडून घे.

कुडाळजवळच्या पिंगुळीला गेलो होतो ते आठव. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात संग्रहालय केलं, पुढे २०२१ ला त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट गाणारे, कसे दाखवतात? एका वेळी एकच चित्र समोर, बाकीची पोथी झाकलेली, आणि गाणारा बघणाऱ्यांच्या तोंडाकडे बघतो. चित्राकडे नाही. जानेवारीत मी आले तेव्हा तुझ्या व्याख्यानाचे साहेब पूर्णवेळ पडद्याकडे तोंड करून बोलत होते. शिवाय इंग्रजीत. माझ्या शेजारच्या बाईंनी दोनदा घड्याळ बघितलं, एकदा माझंच.

अहवालात आकडे दे, ते चुकत नाही. आम्हीही पट भरून दाखवायचो, इन्स्पेक्टर आला की शेजारच्या वस्तीवरची धाकटी भावंडंसुद्धा बसवायचो. पण तुझी स्वतःची एक वही ठेव. त्यात रोज एकच ओळ, आज कुणी काय विचारलं. बावीसमधल्या त्या तेरांपैकी कुणी काही विचारलं होतं का? ते तू फोनवर सांगितलंच नाहीस.

सोमवारी हे मुंबईला येताहेत, डोळे दाखवायला. त्यांच्याबरोबर मेतकूट, तीळ-खोबऱ्याची चटणी आणि फडक्यात गुंडाळलेली एक टाकी पाठवतेय. त्या मुलाच्या वडिलांची आहे, मी मागितली, त्याने लगेच दिली. टोक बोथट झालंय, पोरांना लागणार नाही. दगड तू तिकडेच बघ, एसटीतून दगड न्यायला हे तयार नाहीत.

तुझी,
आई