मावशीच्या फोनवरची किल्ली

गंगापूर रोड, नाशिक
रविवार, संध्याकाळ

प्रिय दत्ता,

परवा तू फोनवर विचारलंस, "स्टेशनवरचं फुकट वायफाय वापरतो, व्हीपीएन टाकू का?" मी घाईत "टाक" म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून चैन नाही. सुमनमावशीचं तुला सांगायलाच हवं होतं.

मावशीने कुणाच्या तरी सांगण्यावरून एक फुकटचं व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरची आपली ये-जा झाकणारी सोय, टाकलं होतं. मग एके दिवशी मेसेज आला, "लाइटबिल थकलंय, आज रात्री वीज तोडणार." तिने लिंक दाबली, त्यातलं अ‍ॅप घेतलं, ओटीपीही टाकला. अडतीस हजार गेले. मी पंचवटीत तिच्या घरी पोचलो तर ती फोन पुढे करून स्क्रीनच्या वरच्या कडेची, व्हीपीएन चालू असल्याची बारीक किल्ली दाखवत होती. "हे बघ, चालू होतं रे! मग कसं झालं?" तिचा हात थरथरत होता. आम्ही तिथूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला.

झालं असं, की व्हीपीएन वाट झाकतं, वाटेच्या टोकाला कोण बसलाय ते बघत नाही. ओटीपी मावशीने चोरालाच दिला होता, आणि तो नीट पोचला.

पत्राचाच दाखला देतो. समज, तुला नाशिकच्या एका सराफाला पत्र पाठवायचंय, पण कल्याणच्या पोस्टमनला ते कळायला नको. मग तू पाकीट कुलूपबंद पिशवीत घालून साताऱ्याच्या मामाकडे पाठवतोस. पोस्टमनला कळतं ते एवढंच, की पिशवी मामाकडे गेली. मामा कुलूप काढून आतलं पाकीट आपल्या पत्त्यावरून पुढे धाडतो. सराफाला वाटतं पत्र साताऱ्याहून आलं. पोस्टमन म्हणजे तुझी इंटरनेट कंपनी किंवा ते वायफाय, मामा म्हणजे व्हीपीएन कंपनी, सराफ म्हणजे तू उघडतोस ती साइट, आणि पत्ता म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस.

आता नीट बघ. पोस्टमनपासून जे लपवलंस ते मामाला दिसतंय. म्हणजे विश्वास लागतोच, फक्त माणूस बदलला. बँकेच्या साइट आज एचटीटीपीएसवर चालतात, म्हणजे आतलं पाकीटही सीलबंद असतं, त्यामुळे मजकूर मामालाही वाचता येत नाही. पण तू कुणाकुणाला पत्रं धाडतोस, हे त्याला कळतं.

म्हणून मला फुकटच्या मामाची धास्ती वाटते. सर्व्हरला पैसे लागतात, ते कुठून तरी येतातच. फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो ही कंपनी घेतली. लोक तिचं व्हीपीएन संरक्षण म्हणून वापरायचे, आणि ते कुठलं अ‍ॅप किती वापरतात हे फेसबुकला कळत होतं. २०१८ मध्ये ते अ‍ॅपलच्या स्टोअरमधून गेलं, पुढच्या वर्षी बंदच झालं. सगळीच फुकटची तशी नसतात, पण पैसे कुठून येतात हे समजत नसेल तर हात लावू नकोस.

आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला व्हीपीएन कंपन्यांना आदेश काढला, ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं ठेवा म्हणून. त्यावर एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन यांनी इथले सर्व्हर काढून घेतले.

व्हीपीएन निरुपयोगी आहे असं मात्र समजू नकोस. मी घरून अंबडच्या कंपनीचं काम करतो तेव्हा कंपनीच्या व्हीपीएनशिवाय सर्व्हर उघडतच नाही, आणि ते तसंच असायला हवं. अनोळखी वायफायवर बसायची वेळ आली तर चांगल्या कंपनीचं, पैसे भरून घेतलेलं व्हीपीएन जरूर लाव. पण गुगलवर लॉगिन केलंस की गुगल तुला ओळखतंच. आणि पैशाचा व्यवहार असेल तर सरळ स्वतःचा मोबाइल डेटा वापर. काही बँकांची अ‍ॅप व्हीपीएन चालू असलं की उघडतही नाहीत.

तू आधीच काहीतरी टाकलं असशील, मला माहितेय. शनिवारी संध्याकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने ये, मी नाशिकरोडला घ्यायला येतो. रात्री जेवण झाल्यावर तुझा फोन घेऊन बसू आणि एकेक अ‍ॅप बघू. मावशीलाही बोलावतो. ती अजून कुणाचाही मेसेज उघडायला घाबरते, तू आलास की जरा बोलेल.

तुझा,
अविनाश