जांभळाचा मध पाठवतेय

ती. आई आणि आबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही दोघंही गप्प झालात, म्हणून लिहितेय. नोकरीचा राजीनामा मंजूर झाला, आणि मी गावी मधमाश्या पाळायला आलेय. आधी सांगितलं असतं तर आई रडली असती आणि माझा पाय निघाला नसता. पण लपवलं, हे चुकलंच.

आबा, तुम्ही आयुष्यभर बाजारात पोती वाहिलीत ती मी या डोंगरातून सुटावं म्हणून. विसरले नाही. पण तुमच्या वेळी इथं होतं काय? चांगली जमीन कोयनेच्या पाण्याखाली, १९८५ ला अभयारण्य झालं, उरली नाचणी ती गव्यांच्या तोंडी. मधमाशीला मात्र हेच रान हवं. जांभूळ, हिरडा, कारवी, सगळं उभं असेल तरच तिचं पोट भरतं, आणि आपलंही. महाबळेश्वरच्या मध संचालनालयात रीतसर शिकलेय. मांघर तर २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव झालं, आपल्यासारखीच माणसं आहेत तिथं.

परसात फणसाखाली सातेरी मधमाश्यांच्या आठ पेट्या आहेत. मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या. चौकटी यंत्रात फिरवल्या की मध निघतो, पोळं शाबूत राहतं, तेच परत पेटीत. टेंभा नाही, धग नाही. आबा, तुम्हाला बोल लावत नाही, तेव्हा दुसरी रीतच नव्हती. कड्यावरून पहाटे येऊन तुम्ही पोळ्याचा तुकडा माझ्या तोंडात घालायचात, मी मेणासकट गिळायचे.

पावसाळ्यात फुलं नसतात, माश्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो. त्या महिन्यांची तजवीज केलीय. कौलं शाकारली, नळ दारात आलाय, रात्री धाकटी काकू सोबतीला येते. भाकरी दोन्ही वेळा गरम खाते, आई. दादाच्या खोलीला हात लावलेला नाही.

आता ऐका. आबा, साखरेची गोळी चुकवायची नाही. बाटलीत मध आहे, जरा तुरट लागेल, पण मधानंही साखर वाढते, तेव्हा बोटभरच. आई, मोतीबिंदूची तारीख पुढं ढकलू नकोस, मी आदल्या दिवशी येते. मग डोळा बरा झाला की पाऊस लागायच्या आत बामणोलीला या, लाँचवर घ्यायला मी असेन. चुलीपुढचा तुझा पाट धुऊन ठेवलाय.

तुमची,
बाळी