एग-मोर्तमधल्या त्या ताईंचे आणि त्या दादाचे मनापासून आभार

जुलैमध्ये आईला घेऊन दक्षिण फ्रान्समधल्या एग-मोर्तला गेलो होतो. तटबंदीने वेढलेलं छोटंसं गाव, फ्रान्सचा राजा नववा लुई 1248 ला इथूनच क्रुसेडवर, म्हणजे धर्मयुद्धावर निघाला. कॉन्स्तांस बुरूज बघून तटावरून चालायला लागलो, सगळा फेरा दीडेक किलोमीटरचा, वर सावली अशी नाहीच, एका बाजूला गुलाबी मिठागरं दिसत होती आणि आई ते बघता बघताच म्हणाली डोळ्यापुढे अंधारी येतेय, आणि मटकन खालीच बसली.

मला तर काही सुचेना. मागून येणाऱ्या एका ताईंनी लगेच स्वतःची टोपी आईच्या डोक्यावर ठेवली, स्कार्फ बाटलीतल्या पाण्यात भिजवून मानेवर धरला आणि तिथल्या स्टाफमधल्या दादाला हाक मारली. तो पळत आला, जवळच्या जिन्याचं बंद दार उघडलं आणि आईला आधार देत एकेक पायरी खाली उतरवलं, जराही घाई केली नाही. खाली गारव्यात खुर्ची दिली, फार्मसीतून मीठ-साखरेची पुडी आणली, पैसे घेतलेच नाहीत. ताई तर तासभर आईचा हात धरून बसल्या होत्या हो! दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती तरी आईने त्यांना नातवाचे फोटोसुद्धा दाखवले.

निघताना त्यांनी तिथली ती संत्र्याच्या फुलांच्या वासाची फुगास, म्हणजे एक गोड पाव, आईच्या हातात दिली. नावं विचारायची राहिली. आई आता एकदम ठणठणीत आहे, तुम्हा दोघांचे खूप खूप आभार.