घरून शिकणं फुकट नसतं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

बारावीचा निकाल लागला की आमच्या कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीवर जी गर्दी होते ती मार्कांसाठी नसते, मार्क तर सगळ्यांनी मोबाईलवर आधीच बघितलेले असतात, गर्दी असते ती टीसी काढून बाहेर जायचं का इथंच पुढं नाव घालायचं ह्या प्रश्नाची. मी करमाळा तालुक्यातल्या एका कॉलेजात क्लार्क आहे, बरीच वर्षं ह्याच खिडकीच्या आत बसते, आणि दरवर्षी तेच ऐकून ऐकून आता राहवत नाही म्हणून हे लिहितेय. पत्र थोडं लांबेल, पण कापायचंच असेल तर शेवटच्या मागण्या तेवढ्या कापू नका ही विनंती.

खिडकीवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "मॅडम, पोरगी हाय, घरनंच अपडाऊन करंल, बाहेर कशाला उगं खर्च". आणि त्याच घरातला मुलगा, मार्क बहिणीपेक्षा कमी, त्याचा टीसी मात्र त्याच आठवड्यात निघतो आणि तो पुण्याला जातो. आई-वडील वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाहीये, बहुतेकजण पोटाला चिमटा काढून शिकवणारे आहेत, पण हिशोब करताना ते फक्त रुपये मोजतात. पुण्याला कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्यानं घेऊन, राहायचं भाडं, मेस, डिपॉझिट, येणं-जाणं, हे सगळं कागदावर येतं आणि बाकीच्या रकान्यात लिहितात "घरून - खर्च नाही". माझं म्हणणं इथंच आहे. घरून शिकण्याचा खर्च असतो आणि तो मोठा असतो, फक्त तो बापाच्या खिशातून जात नाही तर मुलीच्या वेळातून जातो, म्हणून कुणाला दिसत नाही.

आमच्याकडं उजनीच्या पाण्याकडची गावं आहेत, कंदर, वांगी, इकडं केम, जेऊर, कोर्टी. ह्या भागात लोक गावठाणात कमी आणि वस्तीवर जास्त राहतात. वस्तीवरची मुलगी कॉलेजला येते म्हणजे काय करते ते एकदा नीट बघा. पहाटे उठून पाणी भरायचं, धारेला हात लावायचा, भाकरी थापायच्या, मग वस्तीवरनं चालत फाट्यावर यायचं, मुक्कामी गाडी वेळेत निघाली तर ती मिळते, नाहीतर वडापमध्ये, म्हणजे खाजगी जीपमध्ये, कोंबून घ्यायचं. कॉलेजला आली की पहिला तास बहुतेक गेलेला असतो. सायन्सला असेल तर प्रॅक्टिकलची बॅच दुपारी लागते आणि ती संपायच्या आधी तिची एसटी असते, ती चुकली तर पुढची अंधाराची, म्हणून ती अर्ध्यातनं उठते, सर पण काही बोलत नाहीत कारण त्यांनाही माहिती असतं. घरी गेली की पोरगी आता रिकामीच आहे असं सगळ्यांना वाटतं. स्वयंपाक, भांडी, शनिवार-रविवार खुरपायला. पुस्तक उघडायचं ते सगळे झोपल्यावर आणि तोवर हिचेही डोळे मिटायला लागलेले. पुण्यात राहणाऱ्या तिच्या भावाला मेसची भाजी आवडत नसेल, खोलीत चौघं असतील, पण संध्याकाळपासून रात्रीपर्यंतचा वेळ त्याचा स्वतःचा असतो. मुलीच्या वेळाला पण काहीतरी किंमत लावून बघा आणि मग सांगा घरचं शिक्षण स्वस्त आहे का.

आणि दुसरी एक गोष्ट जी खिडकीवर कुणी बोलत नाही. मुलगी घरी असली की स्थळं यायला लागतात. "शिकतीय नं, शिकू द्या की, बघून तर ठेवू" असं म्हणत पाहुणे पोहे खाऊन जातात, सुपारी फुटते, आणि फायनल इयरच्या परीक्षेचा फॉर्म भरायला ती येते ती सासरच्या कुणाला तरी सोबत घेऊन, किंवा येतच नाही. बाहेर होस्टेलला असलेल्या मुलीच्या बाबतीत हे होतच नाही असं नाही पण दोन-तीन वर्षं तरी पुढं जातं, आणि त्या दोन-तीन वर्षांत डिग्री हातात येते. मी रजिस्टर बघते, मला दिसतं कुणाची नावं सेकंड इयरनंतर गळतात.

आता फीचं बघू. जुलै 2024 मध्ये शासनानं जीआर काढला, ज्या घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत आहे अशा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा) आणि ओबीसी मुलींना कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक कोर्सला अ‍ॅडमिशन मिळालं तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 100 टक्के माफ. हे फार चांगलं काम झालं, मी मनापासून म्हणते. त्या वर्षी आमच्याकडं असे बाप आले की ज्यांनी आधी इंजिनिअरिंगचं नाव पण काढलं नसतं. पण फॉर्म भरताना मुलगी ऑप्शनमध्ये पुण्याची चांगली कॉलेजं टाकायला लागली की वडील विचारायचे, फी माफ आहे ते कळलं, राहायचं कुठं? आणि ह्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नसतं. मग काय होतं, पहिल्या नंबरला घराजवळचं कॉलेज टाकलं जातं, पहिल्याच राऊंडला पहिला ऑप्शन लागला की तो ऑटो फ्रीज होतो, म्हणजे तोच पक्का होतो, पुढच्या राऊंडला बदलता येत नाही, आणि विषय संपला. मार्क पुण्याच्या सरकारी कॉलेजच्या जवळपासचे आणि अ‍ॅडमिशन जिथं लॅबमधली निम्मी मशीन बंद तिथं. फी माफ करून अर्धा रस्ता झाला, उरलेला अर्धा राहण्या-जेवण्याचा आहे.

त्यासाठी योजना नाहीत असंही नाही. अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार आहे, आदिवासी मुलांना स्वयम आहे, मराठा आणि खुल्या गटातल्या शेतकरी-मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, आणि ओबीसी, भटक्यांच्या मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली. आधारमध्ये पुण्या-मुंबईसारख्या शहरात शिकणाऱ्याला वर्षाला 60,000 रुपये, तालुक्याच्या ठिकाणी 38,000. पण जिल्ह्याला 600 मुलं एवढीच मर्यादा धरून ती सुरू झाली, आणि आमचा सोलापूर जिल्हा 11 तालुक्यांचा, तुम्हीच भागाकार करा. बरं 60,000 म्हणजे महिन्याला 5,000, त्यात पुण्यात कॉटचं भाडं आणि दोन वेळची मेस बसवून दाखवावी कुणीतरी. तरी कमी म्हणून तक्रार करत नाही, मिळतात तेही मोठे आहेत. खरी अडचण वेळेची आहे. डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं लागतं कॉलेज सुरू होताना, आणि योजनेचा अर्जच अ‍ॅडमिशन झाल्यावर, मग छाननी, मग यादी, मग आधार कार्ड लिंक असलेल्या खात्यावर पैसे कधी पडतील ते पडतील. मधले महिने काढायचे कुणी? उसाचं बिल अडकलेलं असतं, केळीला भाव नसतो, आईच्या कानातलं मोडलं जातं. ज्या घरात मोडायला काही नाही त्या घरातली मुलगी योजनेला पात्र असूनही घरीच राहते. म्हणजे ज्यांच्यासाठी योजना काढली त्यांनाच ती उपयोगाला येत नाही.

ह्याबाबतीत आपल्या महाराष्ट्राला नवीन काही शिकायची गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढं जैन, लिंगायत, मुस्लिम, एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली, त्यासाठी जागा दिल्या, उत्पन्न लावून दिलं. त्यांना कळलं होतं की खेड्यातल्या पोराला शाळा असून उपयोग नाही, शहरात रात्री पाठ टेकायला जागा आणि ताटात भाकरी पाहिजे. कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांनी साताऱ्यात 1924 मध्ये बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई वहिनींनी त्या मुलांसाठी अंगावरचे दागिने दिले. पुण्यात अच्युतराव आपट्यांनी 1955 मध्ये विद्यार्थी सहायक समिती सुरू केली, खेड्यातल्या मुलामुलींना कमी पैशात राहणं-जेवण, स्वतः कामाला हात लावायचा, ती आजही चालू आहे. हे सगळे लोक फीच्या पलीकडचं बघत होते. आणि आज एवढं मोठं राज्य, ओबीसींसाठी जिल्ह्याला दोन म्हणजे 72 वसतिगृहं जाहीर झाली, ती पण भाड्याच्या इमारती शोधत शोधत सुरू करावी लागली.

आता उलट बाजूचं पण मला बोलायचंय, नाहीतर माझं पत्र वाचून कुणीतरी उद्याच पोरीची बॅग भरायचा. बाहेर जाणं म्हणजेच चांगलं असं नाही. कितीतरी मुलं पुण्याचं नाव म्हणून जातात आणि जो बीकॉम इथं होतो तोच तिकडं कुठल्यातरी गल्लीतल्या कॉलेजला करतात, तिथं लेक्चर होत नाहीत, हजेरी लागत नाही, बापाचे पैसे मात्र लागतात. ज्याचं घर कॉलेजपासून पायी अंतरावर आहे, घरात बसायला एक कोपरा आहे, आई-वडील अभ्यासाच्या वेळी हाक मारत नाहीत आणि शिकवणारे सर चांगले आहेत, त्यानं बीएस्सी, बीए घरूनच करावं आणि वाचलेले पैसे एमएस्सीला बाहेर जाण्यासाठी ठेवावेत. घरात कुणी आजारी असेल आणि मुलाचाच जीव राहत नसेल तर त्याला ढकलून पाठवू नये, मन घरी आणि शरीर होस्टेलला असं झालं की पहिल्याच सेमला एम-वनची (इंजिनिअरिंगच्या पहिल्या गणिताची) केटी बसते, म्हणजे विषय मागं राहतो. आणि एकदम पुणेच कशाला, सोलापूर आहे, पंढरपूर आहे, बारामती आहे, जिथून शनिवारी घरी येता येतं, खर्चही पुण्याएवढा नाही. ही मधली वाट लोक विचारातच घेत नाहीत, एकतर गाव नाहीतर पुणे.

माझ्या मुलीच्या वेळी आमच्या घरात ह्याच्यावरनं चांगलेच वाद झाले. सासूबाई म्हणाल्या नजरेसमोर असलेली बरी, मिस्टरांना खर्चाची काळजी, ते त्यांच्या जागी बरोबरच. मी एवढंच केलं की एका वहीत तिचा घरी राहिल्यावरचा दिवस लिहिला, उठल्यापासून झोपेपर्यंत, कुठल्या वेळाला काय, आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवला. त्यात अभ्यासाला किती वेळ राहतो हे मिस्टरांनीच बोट ठेवून बघितलं आणि नंतर स्वतः सोलापूरला जाऊन होस्टेल बघून आले, रेक्टर बाईंशी बोलून, पाणी येतं का, रात्री गेट कितीला बंद होतं, आजारी पडलं तर कोण नेतं, सगळं विचारून. आता ती तिथं शिकतेय. रोज फोनवर सासूबाईच पहिल्यांदा बोलतात तिच्याशी. माझं सगळ्या पालकांना हेच सांगणं आहे, फॉर्ममध्ये ऑप्शन टाकायच्या आधी मुलीला समोर बसवून तिचा दिवस लिहून काढा, आणि घरीच ठेवायचं ठरलं तर तिचे अभ्यासाचे तास घरातल्या सगळ्यांनी पाळायचे असं तिथंच ठरवा, भावाला पण भांडी घासायला लावा, त्याशिवाय ते तास निघणार नाहीत.

आता मागण्या, ज्या मी कुणाकडं कराव्यात ते मला कळत नाही म्हणून तुमच्यामार्फत करते. स्वाधार, आधार, पंजाबराव, सगळ्या भत्त्यांचा निदान पहिला हप्ता अ‍ॅडमिशन कन्फर्म झाल्यावर लगेच, डिपॉझिट भरायच्या वेळी मिळावा, बाकीची कागदपत्रं नंतर तपासा, कॅपमध्ये एकदा सगळी तपासलेलीच असतात की. जिल्ह्याची मर्यादा वाढवावी आणि त्यात मुलींचा वाटा निम्मा तरी असावा. जी मुलगी घरून अपडाऊन करते तिच्यासाठी प्रत्येक तालुक्याच्या कॉलेजात रात्री आठपर्यंत अभ्यासिका उघडी असावी, आणि एसटीनं प्रॅक्टिकल सुटायच्या वेळेला धरून एक गाडी सोडावी. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास बारावीपर्यंत असतो तेव्हा मुली कशाही करून येतात, नेमकं डिग्रीला गेल्यावर तिला पासाचे पैसे द्यायला लागतात, तो मोफत पास डिग्री संपेपर्यंत चालू ठेवला तर एसटीचं फार नुकसान होईल असं मला वाटत नाही. आणि तुमच्या पेपरनं एक करावं, कॅपचा फॉर्म सुरू व्हायच्या आधी एक दिवस जिल्ह्यातली सरकारी आणि संस्थांची मुलींची वसतिगृहं, जागा किती, फी किती, अर्ज कधीपर्यंत, असं अर्धं पान छापावं. मी ते कापून आमच्या खिडकीवर चिकटवीन, दरवर्षी.

आपली नियमित वाचक,
एका कॉलेजातली क्लार्क
ता. करमाळा, जि. सोलापूर