रविवारी रिझर्व्ह पॅराशूटची घडी: हार्नेससह हजर राहा

सभासदहो,

येत्या रविवारी सकाळी 8 वाजता क्लबच्या हॉलमध्ये सगळ्यांची रिझर्व्ह, म्हणजे आणीबाणीत फेकायची पॅराशूट उघडून, हवा लावून नव्याने घडी घालायची आहे. पॅराग्लायडिंग, हँग ग्लायडिंग, दोन्हीकडच्यांनी यायचं. बहुतेक उत्पादक 6 ते 12 महिन्यांनी हे करायला सांगतात. आपलं मॅन्युअल काय म्हणतं ते वाचून या.

- हार्नेस (उडताना अंगावर बांधायचे पट्टे) आणाच. छताच्या हुकाला लटकून प्रत्येकाने हँडल ओढून रिझर्व्ह फेकायचं आहे. रिझर्व्हच्या कप्प्याचं महिनोन्महिने न उघडलेलं वेल्क्रो फार घट्ट बसतं. गेल्या वेळी माझंच पहिल्या दोन झटक्यांत निघालं नाही, तिसऱ्याला आलं. हवेत तिसरा झटका मिळेलच असं नाही.
- दमट वाटत असेल तर आदल्या दिवशी घरात किंवा सावलीत पसरा. उन्हात मुळीच नको, नायलॉन कमजोर होतं.
- अंगठ्या, घड्याळं काढून ठेवा.

दोऱ्यांचे तडकलेले रबर बँड तिथेच बदलू. घडी स्वतः घालायची, प्रशिक्षक तपासतील आणि लॉगबुकात तारीख टाकतील.

लॉगबुकातली शेवटच्या घडीची तारीख 12 महिन्यांहून जुनी असेल, तर सोमवारपासून टेकऑफला परवानगी नाही. जुन्या सभासदांनाही हाच नियम.

येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा, टेबलं मोजकीच आहेत.